खेळाडू नंबर दोन

९ सप्टेंबर, सोमवार

ही वही माराइबेलने दिली. म्हणाली, "पुढून कार्डांच्या तारखा लिही, मागून मनातलं लिही. आणि दोन्ही बाजू नवऱ्यापासून लपवून ठेव." माराइबेल शेजारच्या घरात राहते. तिचा हेक्टर आणि माझा गॅरेट एकाच पलटणीत सार्जंट आहेत. कार्डांचा नाद मला तिनेच लावला, गॅरेट परदेशी तैनातीवर होता तेव्हा. बाकीच्या बायका त्या नऊ महिन्यांत देवाचं नाव घेत होत्या. मी कार्डं जमवत होते.

हा नाद आमच्यासारख्यांनाच परवडतो. नवरा फौजेत नोकरीवर असला की त्याला आणि बायकोला बड्या बड्या कार्डांची वार्षिक फी माफ. जी कार्डं सिराक्यूज शहरातले दातांचे डॉक्टर वर्षाला सातसातशे डॉलर मोजून मिरवतात, ती आम्हाला फुकट. नवं कार्ड घ्यायचं, तीन महिन्यांत ठरलेला खर्च त्यावर करायचा, की पॉइंटांचा ढीग पदरात. ढिगातून विमानाची तिकिटं, हॉटेलं, विमानतळावरच्या लाउंजमध्ये फुकट जेवण. या खेळात बायको खेळाडू नंबर एक आणि नवरा खेळाडू नंबर दोन. नंबर दोनने डोकं चालवायचं नसतं. सांगू तिथे सही करायची आणि सांगू ते कार्ड पुढे करायचं.

आज अकरा झाली. सहा माझी, पाच त्याची. प्रत्येकावर रंगीत पट्टी चिकटवली आहे, कुठलं कशाला ते कळावं म्हणून. तरी आज साहेबांनी किराण्याच्या कार्डावर ट्रकमध्ये डिझेल भरलं.

"अरे, निळी पट्टी म्हणजे किराणा. किती वेळा सांगायचं?"

"हो."

"हो काय? चौपट पॉइंट गेले ना."

"हो, शेल्बी. चुकलं."

जानेवारीत परत आल्यापासून सगळ्याला हो म्हणतो. भांडायलाही मजा राहिली नाही.


१५ सप्टेंबर, रविवार

माराइबेल विचारत होती, तुला एवढी हाव कसली गं? चेष्टेत विचारत होती, पण मला लागलं.

हाव नाही. मी नऊ वर्षांची होते तेव्हा ओहायोत दुकानाच्या काउंटरवर आईचं कार्ड चाललं नाही. गल्ल्यावरच्या पोरीने तीनदा ओढून पाहिलं. मागे रांग. आईने एकेक जिन्नस परत काढायला सुरुवात केली: आधी माझं सीरियल, मग दूध, मग पाव. मी लाजेने आईपासून चार पावलं लांब जाऊन उभी राहिले, जणू मी तिची नव्हेच. ते आजही आठवलं की कान तापतात.

आता माझं कार्ड पाहून काउंटरवरच्या पोरी "वा, किती जड आहे हो" म्हणतात. धातूचं आहे ना. हौसेला मोल नसतं म्हणतात, मी तर फुकटात हौस करते. डिसेंबरात आम्ही तिघं हवाईला जाणार, विमानात पुढच्या, महागड्या खुर्च्यांवर बसून, समुद्रासमोरच्या हॉटेलात. लेक टेसा सात वर्षांची आहे. तिला मोठेपणी आठवायला समुद्र असेल.


२१ सप्टेंबर, शनिवार

गॅरेट बोलला. आपणहून बोलला म्हणून तारीख टाकून लिहिते.

मार्चअखेर त्याची फौजेची सही, म्हणजे नोकरीचा करार, संपते. पुन्हा करायची नाही म्हणतो. पेनसिल्व्हेनियात त्याच्या डेलमामाची लाकडाची गिरणी आहे, तिथे जाऊ म्हणतो. "फळ्या कापीन. संध्याकाळी घरी येईन. बस, एवढंच पाहिजे मला."

मलाही बरं वाटलं. इथलं वॉटरटाउनचं बर्फ उपसून माझी कंबर मोडली आहे. टेसाला मामाकडे घोडा आहे हे ठाऊक आहे, ती नाचायला लागली.

दुपारी माराइबेलला सांगितलं, तर ती कॉफीचा कप हातात तसाच धरून बघत राहिली. "अगं बाई, आणि कार्डं? सही संपली की माफी संपली. पुढच्या वर्षीपासून प्रत्येकाची फी येईल. अकराची."

बेरीज केली. मग पुन्हा केली. ते सगळं बंद करावं लागेल.


२८ सप्टेंबर, शनिवार

मी काही वाईट सांगत नाहीये त्याला. फक्त तीन वर्षं. पुन्हा सही केली तर बोनस मिळेल, औषधपाणी फुकट राहील, टेसाची शाळा बदलणार नाही. डेलमामाच्या गिरणीत विमा आहे का, विचारलं. नाही. पगार किती, विचारलं. मामाने अजून ठरवलं नाही म्हणे. दुरून डोंगर साजरे, दुसरं काय. कार्डांचं मी शेवटी सांगितलं, आणि हसत हसत सांगितलं.

"म्हणजे तीन वर्षं कार्डांसाठी," गॅरेट म्हणाला.

"कार्डांसाठी नाही रे, आपल्यासाठी."

तो अंगणात गेला आणि ट्रकमध्ये जाऊन बसला. इंजिन बंद. हल्ली जेवण झालं की तिथेच बसतो. मी म्हटलं, बसू दे, पुरुषांना एक कोपरा लागतो.


२ ऑक्टोबर, बुधवार

कपाटातल्या दोन्ही बंदुका गायब! चोरी झाली वाटून मी फोन हातात घेतला होता. तर साहेबांनी हेक्टरकडे नेऊन ठेवल्या आहेत. हरणांची शिकार महिन्यावर आली, दरवर्षी हा नोव्हेंबरात जंगलातून हलत नाही, आणि यंदा म्हणे जायचं नाही.

"विकल्यास का?"

"नाही. त्याच्या तिजोरीत राहू देत. घरात नकोत."

"टेसामुळे?"

"हो."

टेसा सात वर्षं या घरात आहे, आजच बरी आठवली. फ्रीजर यंदा रिकामा राहणार. आता मटण विकत आणायचं. निदान किराण्याच्या कार्डावर चौपट पॉइंट तरी येतील.


९ ऑक्टोबर, बुधवार

आज थोडी वादावादी झाली. वादावादी पण नव्हे, मीच बोलले.

मी जेवणाच्या टेबलावर पट्ट्या चिकटवत बसले होते. गॅरेट भांडी घासत होता, पाठमोरा. म्हणाला, "छावणीतल्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे नाव घातलंय. सोळा तारीख दिलीये."

"कुणाचं?"

"माझं."

"कशाला?"

त्याने नळ बंद केला. मग म्हणाला, "झोप नाही लागत. डोकं ठीक नाही, शेल्बी. काहीतरी करायला पाहिजे."

मला खरंच वाईट वाटलं, हे लिहून ठेवते. पण आमच्या बायकांच्या गटात सगळ्या सांगतात, एकदा असलं काही कागदावर आलं की सही अडकते. वरचे लोक फाइल बाजूला ठेवून देतात. आणि सही करायची मुदत डिसेंबरात संपते. मी त्याला तेच म्हटलं. "दोन महिने कळ काढ. सही झाली की पाहिजे तेवढं जा, रोज जा, मी स्वतः सोडीन तुला."

"मी अजून सही करतो म्हटलेलं नाही."

"नाही म्हटलंस, पण दार तर उघडं ठेव ना."

त्याने ताट पुसलं, रॅकमध्ये ठेवलं. म्हणाला, "बरं."

झोपेच्या गोळ्या औषधाच्या दुकानात साध्या मिळतात. उद्या आणते. त्या दुकानावर या तिमाहीत तिप्पट आहे.


१० ऑक्टोबर

त्याने फोन करून नाव काढून टाकलं. माझ्यासमोरच केला. फोनवर इतका आदबीने बोलला की त्या बाईंनाच अवघडल्यासारखं झालं असेल.


१ नोव्हेंबर, शुक्रवार

झालं! हो म्हणाला!

मी आजवर शंभर वेळा विचारलं असेल. आज विचारलंही नाही. टेसाच्या दप्तराची चेन दुरुस्त करत बसला होता, मान वर न करता म्हणाला, "करतो सही. तुझं समाधान होऊ दे."

मी त्याच्या गळ्यात पडले. किती हडकुळा लागला हाताला. व्यायाम करत असेल.

माराइबेलला लगेच फोन केला. ती म्हणाली, "शेल्बे, मनापासून करतोय ना गं तो?" मी म्हटलं, पुरुष कुठली गोष्ट मनापासून करतात, ढकलावंच लागतं. ती हसली नाही. तिचं आणि हेक्टरचं काहीतरी बिनसलं असेल.


२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सही झाली. झेंड्यापुढे उभं राहून उजवा हात वर करून शपथ घ्यायची असते. कॅप्टन एकेक ओळ सांगतो, शिपाई मागून म्हणतो. चौथ्या ओळीला गॅरेट थांबला. कॅप्टनने ती ओळ पुन्हा सांगितली. तिसऱ्यांदा सांगितली तेव्हा म्हणाला. सगळे हसले, मीही हसले. कॅप्टन म्हणाला, "सार्जंट, लग्नातही असेच अडखळला होतात का?"

मला पिवळी गुलाबं दिली आणि आभाराचं प्रमाणपत्र. तशी पद्धत आहे, नवऱ्याने पुन्हा सही केली की बायकोचा सत्कार. कॅप्टन सगळ्यांसमोर म्हणाला, "मॅडम, तुमच्या आधाराशिवाय हा माणूस आज इथे उभा नसता." टाळ्या पडल्या. मला रडू आलं. मला आयुष्यात कुणी प्रमाणपत्र दिलं नव्हतं.

हेक्टर पाठीमागे भिंतीला टेकून उभा होता. टाळ्या वाजवत नव्हता. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "वहिनी, जरा लक्ष ठेवा त्याच्यावर."

"का रे, काय झालं?"

"काही नाही. आता सही झालीये, तर त्याला दवाखान्यात पाठवा. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल."

मी सांगितलंही, आजच, गाडीत. गॅरेट म्हणाला, "आता काय उपयोग." मी म्हटलं, बरं, हवाईहून आल्यावर बघू. तोवर विश्रांतीनेच निम्मं बरं वाटेल.

संध्याकाळी दोन नव्या कार्डांचे अर्ज भरले. एक माझं, एक त्याचं. दोन्ही मिनिटात मंजूर. फी शून्य.


१४ डिसेंबर, शनिवार. शिकागो विमानतळ

लाउंजमध्ये बसून लिहिते आहे. लिहिते कसली, राग काढते आहे.

इथे यायचं म्हणून मी महिनाभर स्वप्नं पाहिली. गालिचे, ताजी फळं, मागाल तो रस्सा. टेसाने तीन वेळा आइस्क्रीम घेतलं, कुणी काही बोललं नाही. गॅरेटने कोपऱ्यातली खुर्ची घेतली, पाठ भिंतीला लावून, तोंड दाराकडे. खाल्लं काही नाही. तेवढ्यात स्वयंपाकघरात कुणाच्या हातून ताटांची चळत पडली. केवढा आवाज! मी वळून पाहते तर गॅरेट खाली. टेसाला पोटाशी धरून, टेबलाखाली. तिच्या आइस्क्रीमची वाटी गालिच्यावर उपडी.

सगळे बघत होते. एका बाईने फोन काढला. मी म्हटलं, "ऊठ, गॅरेट, ताटं होती. ऊठ ना!" तो उठेना. टेसा मात्र त्याच्या पाठीवर थोपटत होती, झोपवताना आपण थोपटतो तसं. "ताटं आहेत बाबा. ताटं आहेत."

आता तो बाहेर दरवाजापाशी उभा आहे, आत यायला तयार नाही. आणि मला पुन्हा नऊ वर्षांची झाल्यासारखं वाटतंय. चार पावलं लांब उभी होते मी आजही. हे खोडून टाकायला हवं.


१७ डिसेंबर, मंगळवार. होनोलुलू

खोली सुंदर आहे. सज्जातून नुसतं निळं. पैसे देऊन राहणाऱ्यांना एका रात्रीचे नऊशे पडतात, हे मी गॅरेटला दोनदा सांगितलं.

सकाळी तो पोहायला गेला. दहाला माझ्याबरोबर मालिशला यायचं होतं, दोघांचं, कार्डावर फुकट. साडेदहा झाले, अकरा झाले. मी वाळूवर उभी राहून हात करत होते, पण डोकं एवढंसं दिसत होतं, खूप आत. एकाच जागी. ना पुढे जात होतं, ना मागे येत होतं. जीवरक्षकाने शिट्टी मारली, मग तो फळीवर बसून निघाला तेव्हा कुठे साहेब वळले.

"एवढ्या लांब काय होतं?"

"शांत होतं," म्हणाला.

मालिशची वेळ गेली. दोनशे डॉलरची सवलत होती, वर्षअखेर बुडणार. मी दुपारभर बोलले नाही त्याच्याशी. त्याच्या ते लक्षातही आलं नाही बहुतेक.


२९ डिसेंबर, रविवार

आज मात्र कमाल झाली. खेळाडू नंबर दोनला अक्कल आली!

दुपारी आपणहून लॅपटॉप घेऊन माझ्याशेजारी बसला. म्हणाला, "माझ्या नावावरचे पॉइंट तुझ्या नावावर करता येतात ना? दाखव कसे." दीड वर्ष मी कानीकपाळी ओरडते आहे, सगळं एका ठिकाणी ठेवलं तर सोपं पडतं. आज ऐकलं. एकेका कार्डाचा पासवर्डही कागदावर लिहून दिला, त्याच्या त्या मोठ्या, सरळ अक्षरात.

"मी नसलो तर हे वाया जातात का?" त्याने विचारलं.

"काही काही कंपन्या देतात बायकोला, काही गिळून टाकतात. म्हणून तर आधीच फिरवून घ्यायचे."

"मग सगळे फिरव. एकही ठेवू नको."

तासाभरात सगळे फिरवले. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तू हुशार आहेस, शेल्बी. तुझं कधी काही अडणार नाही." किती महिन्यांनी असं बोलला. मग टेसाच्या सायकलला तेल घातलं, बर्फात कुठे चालवणार आहे ती, आणि छपराखालच्या जिन्याची सैल झालेली पायरी ठोकून दिली. एकदम हलका वाटत होता. हवाई मानवली म्हणायची. पैसा वसूल. म्हणजे पॉइंट वसूल.


१५ जानेवारी, बुधवार

लिहिते, कारण माराइबेलने दुसरं काही करू दिलेलं नाही. तिने टेसाला तिच्याकडे ठेवलंय आणि मला कोंबडीच्या रश्श्यातला भात समोर ठेवून बसवलंय.

काल मंगळवारी सकाळी पावणेदहाला हेक्टरचा फोन आला.

"वहिनी, गॅरेट घरी आहे का?"

"नाही. साडेपाचलाच निघाला."

"हजेरीला आला नाही. फोन उचलत नाहीये. वहिनी, ऐका, तो ट्रक कुठे आहे ते सांगता येईल का तुम्हाला?"

तेवढ्यात कानाशीच फोनवर संदेश वाजला. कार्ड वापरलं की मला संदेश येतो, प्रत्येक कार्डाचा, मीच तशी सोय केली आहे. सरोवराकाठचं गळ आणि आमिषं विकणारं दुकान. चार डॉलर. आणि देवा, मी खरं लिहिते आहे, माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की चुकीचं कार्ड वापरलं.

मग सगळं एकदम कळलं. बंदुका, पॉइंट, सायकलचं तेल. एकेक नाही, सगळं एकाच वेळी, घरावरचं बर्फ एकदम घसरून खाली येतं तसं. मी ओरडले बहुतेक. माराइबेल चपलांवर धावत आली, तिनेच गाडी चालवली. हेक्टरला आम्ही वाटेत ठिकाण कळवलं.

ट्रक दुकानासमोर होता. दुकानदार म्हणाला, कॉफी घेतली, आमिष नको म्हणाला, गळही नव्हता जवळ, मला नवल वाटलं. आणि मग गोठलेल्या सरोवराकडे बोट केलं.

काठाजवळ बर्फाला भोकं पाडून मासे धरणाऱ्यांच्या झोपड्या आहेत, त्यांच्या कितीतरी पुढे एक माणूस उभा होता. मी पळत सुटले. दोनदा पडले. एक म्हातारा झोपडीतून ओरडला, "ओ बाई, पुढे बर्फ कच्चा आहे! तो माणूसही ऐकत नाहीये! परत या!" मी नाही थांबले. पायाखाली कुठेतरी खोल कडकड आवाज येत होता.

"तिथेच थांब," गॅरेट म्हणाला. वळला नाही. "दोघांचं वजन पेलायचं नाही."

"मग तू ये."

"टेसाला शाळेतून कोण आणणार आज?"

"माराइबेल."

"हां." त्याने मान हलवली, जणू तेवढंच विचारायचं राहिलं होतं.

मी आयुष्यभर त्याला पटवत आले, आणि त्या क्षणी पटवण्यासारखं एकही वाक्य माझ्याकडे नव्हतं. मी खाली बसले. बर्फावर, तिथेच, फतकल मारून. "मी नाही जात," म्हटलं. "तू उभा राहा, मी बसते."

"ऊठ, शेल्बी. पँट भिजेल."

"भिजू दे."

किती वेळ गेला ठाऊक नाही. वारा कापत होता. मग तो म्हणाला, "मी फार दमलोय गं." मी म्हटलं, "माहीत आहे." ते खोटं होतं. मला माहीत नव्हतं, मी माहीत करून घेतलं नव्हतं. तोवर हेक्टर, तो मघाचा म्हातारा आणि आणखी एक मासेमार पोटावर सरपटत, शिडी पुढे सरकवत आले. हेक्टर शिडीवर आडवा पडून नुसता बोलत राहिला, "चल दोस्ता, चल, हात दे, तुझा हात दे फक्त." गॅरेटने माझ्याकडे पाहिलं. माझे ओठ निळे पडले होते म्हणे. "हिला आधी न्या," तो म्हणाला. हेक्टर म्हणाला, "तू आल्याशिवाय ही हलणार नाही, दिसत नाही का तुला?"

तेव्हा त्याने हात दिला.


१६ जानेवारी, गुरुवार

आज इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना एकत्र बसवलं. डॉ. इव्हर्सन नाव. पिकलेले केस, हळू आवाज. गॅरेटच्या पायात मोजे होते, नाड्या असतात म्हणून बूट काढून घेतले आहेत.

"झोप कधीपासून गेली?" "वर्ष झालं." "जेवण?" त्याने मोजा वर ओढला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वजन पंचवीस पौंडांनी उतरलंय, तुमच्या लक्षात आलं होतं का? मला तेरा कार्डांच्या तारखा तोंडपाठ आहेत. हे आलं नव्हतं लक्षात. तसं सांगितलं.

मग त्यांनी त्याला विचारलं, "याआधी कधी कुणाकडे मदत मागितली होती?"

"नाही," गॅरेट म्हणाला. लगेच म्हणाला. खाली फरशीकडे बघत.

मला कळलं तो काय करतोय. मला सोडवत होता. या अवस्थेत, बिनबुटांचा बसून. मी गप्प बसले असते तर ते तिथेच मिटलं असतं, कागदावर काही आलं नसतं, जन्मात कुणाला कळलं नसतं.

"मागितली होती," मी म्हणाले. "माझ्याकडे. नऊ ऑक्टोबरला. त्याने दवाखान्यात नाव घातलं होतं, मी काढायला लावलं."

"शेल्बी, कशाला," गॅरेट म्हणाला.

"का लावलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. रागाने नाही, नुसतं विचारलं.

"त्याने पुन्हा फौजेची सही करावी म्हणून. सही केली की माझ्या कार्डांची फी माफ राहणार होती."

त्या खोलीत मोठ्याने बोलल्यावर ते किती छोटं ऐकू आलं. मी दुसरी कारणंही सांगायला गेले, विमा, टेसाची शाळा, आणि मध्येच थांबले. डॉक्टरीणबाईंचं पेन क्षणभर थांबलं, मग त्यांनी तारीख पुन्हा विचारली आणि लिहून घेतली. गॅरेटने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो माझ्यावर रागावला आहे की काय, मला कळलं नाही. त्याने रागवावं. मी त्याला हात लावायला गेले तर त्याने खांदा आकसला.

"तुम्ही जरा बाहेर बसता का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

बाहेर बाक आहे, तिथे बसले. दार बंद. मग गॅरेटचा आवाज यायला लागला. शब्द कळत नव्हते. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. एकदा खूप जोरात आला, मग इतका हळू की मला वाटलं संपलं, पण संपलं नव्हतं. मी दाराला कान लावला नाही. भिंतीवर घड्याळ होतं. चाळीस मिनिटं झाली. वर्षभरात मिळून तो माझ्याशी एवढं बोलला नव्हता. नर्सने येऊन विचारलं, कॉफी आणू का. मी नको म्हटलं. आत तो अजून बोलत होता.